कंबरदुखीच्या संशोधनात सहभागी होताना

मी ज्या संशोधनात सहभागी झाले, त्यात जुनाट कंबरदुखी असलेल्या लोकांवर एका नव्या उपकरणाची चाचणी होणार होती. उपकरण म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर चिकटवायच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांत स्नायूंमधील विद्युत संकेत टिपणारे इलेक्ट्रोड, वाकण्याचा कोन मोजणारा सेन्सर आणि या सगळ्याची नोंद ठेवणारे मोबाइलमधले अ‍ॅप. वाकताना किंवा उठताना स्नायू गरजेपेक्षा जास्त ताठ राहिले, तर पट्टी हलकेच थरथरते आणि ते सैल सोडण्याची आठवण करून देते, अशी त्यामागची कल्पना होती. माझी कंबर काही वर्षांपासून दुखत होती. पट्टा, शेक, ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार), गोळ्या हे सगळे करून झाले होते. संशोधनाविषयी माझ्या फिजिओथेरपिस्टनेच सांगितले आणि बरे वाटेल या आशेने मी नाव दिले. पुढच्या काही महिन्यांत मात्र माझे लक्ष उपकरणावरून ते तपासण्याच्या पद्धतीकडे वळत गेले, आणि इथे मला प्रामुख्याने त्या पद्धतीविषयीच लिहायचे आहे.

सुरुवात निवडीपासून झाली. आधी फोनवर आणि मग प्रत्यक्ष भेटीत डॉक्टरांनी बराच वेळ प्रश्न विचारले, आणि त्यांतले बहुतेक प्रश्न माझ्या दुखण्याचे नव्हतेच. वजन विनाकारण उतरले आहे का, ताप येतो का, पूर्वी कर्करोग झाला होता का, पायांत अशक्तपणा आहे का, लघवीवरचा ताबा गेला आहे का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा जाणवतो का, असे ते प्रश्न होते. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले असते, तर मला संशोधनात न घेता तातडीने तपासणीसाठी पाठवले गेले असते, कारण ही लक्षणे अस्थिभंग, संसर्ग, गाठ किंवा मज्जातंतूंवरच्या दाबाची असू शकतात. सुदैवाने अशी कारणे थोड्याच रुग्णांत सापडतात. उरलेल्या मोठ्या बहुसंख्येत दुखण्याचे नेमके एक कारण दाखवता येत नाही, त्यास अविशिष्ट कंबरदुखी म्हणतात, आणि ती तीन महिन्यांहून अधिक टिकली की जुनाट गणली जाते. माझी त्याच वर्गात नोंद झाली.

मी सोबत एमआरआयची जाड पाकिटे नेली होती. अहवालात दोन ठिकाणी मणक्यांमधली गादी बाहेर आल्याचे आणि एका ठिकाणी ती झिजल्याचे लिहिले होते, आणि ती वाक्ये मला तोंडपाठ होती. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून पाहिल्या, अहवाल वाचला आणि पाकीट परत केले. माझा चेहरा पाहून त्यांनी जे सांगितले, ते मला कोणीतरी फार आधी सांगायला हवे होते. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढण्यात आले, तेव्हा त्यांतल्या ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी गादी फुगलेली आढळली. २०१५ साली अशाच ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला; त्यात कोणतीही तक्रार नसलेल्यांमध्ये गादी झिजल्याचे प्रमाण विशीत ३७ टक्के, तर ऐंशीच्या घरात ९६ टक्के निघाले. याचा अर्थ झीज आणि वेदना यांचा काहीच संबंध नाही असा नव्हे, पण फिल्मवर दिसणारी गोष्ट हेच दुखण्याचे कारण आहे असे त्यावरून ठरवता येत नाही. म्हणूनच या संशोधनात एमआरआयला मोजमापाचे स्थान नव्हते.

संमतिपत्र बरेच लांबलचक होते, आणि ते घरी नेऊन वाचण्याचा, दुसऱ्या कोणाशी चर्चा करण्याचा आग्रह धरण्यात आला. १९६४ साली हेलसिंकी येथे वैद्यकीय संशोधनासाठी जी नीतितत्त्वे मान्य झाली, त्यांचा आधार त्यात होता: सहभाग ऐच्छिक आहे, कोणतेही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येईल, आणि बाहेर पडल्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडणार नाही. 'या संशोधनाचा तुम्हाला वैयक्तिक लाभ होईलच असे नाही' हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेले होते. मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते वेगळ्याच परिच्छेदावर. सहभागींचे दोन गट होणार होते. दोन्ही गटांना सारखाच व्यायाम, सारखेच मार्गदर्शन आणि दिसायला सारखेच उपकरण मिळणार होते. फक्त एका गटाची पट्टी त्या व्यक्तीच्या स्नायूंना अनुसरून थरथरणार होती, तर दुसऱ्या गटाची पट्टी आधीच नोंदवून ठेवलेल्या, त्या व्यक्तीशी काहीही संबंध नसलेल्या क्रमाने थरथरणार होती.

संशोधनाच्या समन्वयक बाईंना मी सरळच विचारले, "मला खरे उपकरण मिळेल अशी काही व्यवस्था होऊ शकते का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला कोणते मिळाले हे मलाही कळणार नाही. गट संगणक ठरवतो, तुमची मोजमापे घेणाऱ्यांना तो माहीत नसतो आणि तुमच्या फिजिओथेरपिस्टनाही सांगितला जात नाही. माहीत असता, तर 'तुम्हाला बरे वाटते आहे ना?' हे आम्ही कोणत्या सुरात विचारले असते, याचा विचार करा."

त्यांचे म्हणणे पटले, तरी सही करताना मनाला थोडे जड गेले हे खरे. आपल्या वाट्याला नकली उपकरण येण्याची शक्यता निम्मी आहे हे जाणून वेदनाग्रस्त माणसाने होकार द्यायचा, ही अपेक्षा लहान नाही.

गट ठरण्याआधी मूळ स्थितीची मोजमापे घेण्यात आली, आणि संपूर्ण प्रक्रियेत मला सर्वाधिक रस वाटला तो या टप्प्यात. पहिला भाग प्रश्नावल्यांचा होता. गेल्या आठवड्यातली सरासरी वेदना शून्य ते दहा या पट्टीवर सांगायची होती. रोलंड-मॉरिस नावाची, १९८३ पासून वापरात असलेली प्रश्नावली होती. तिच्यात कंबरेमुळे येणाऱ्या अडचणींची २४ विधाने असतात, आणि त्यांतली जी आजच्या दिवशी आपल्याला लागू पडतात त्यांवर खूण करायची असते. सावकाश चालावे लागते, वारंवार बसण्याची पद्धत बदलावी लागते, मोजे घालताना त्रास होतो, अशी ती अगदी रोजच्या जगण्यातली विधाने आहेत. आणखी एक प्रश्नावली हालचालीच्या भीतीची होती. 'दुखते याचा अर्थ शरीराला इजा होते आहे' यासारख्या विधानांशी आपण किती सहमत आहोत हे तिच्यात नोंदवायचे होते, आणि मी जवळजवळ सगळ्यांशी पूर्ण सहमत होते. हे गुण नंतर उपयोगी पडले.

दुसरा भाग वेदनेच्या संवेदनशीलतेचा होता. एक चौरस सेंटिमीटर रबरी टोक असलेले दाबमापक यंत्र कमरेच्या स्नायूवर ठेवून संथ, एकसारख्या गतीने दाबले जात होते, आणि दाबाची जाणीव ज्या क्षणी पहिल्यांदा वेदनेत बदलेल, त्या क्षणी मला हातातले बटण दाबायचे होते. किती सहन होते हे नव्हे, तर वेदना कुठे सुरू होते हे त्यांना हवे होते, आणि तपासणाऱ्या तरुणाने ही सूचना दर वेळी पुन्हा दिली. कमरेनंतर हीच तपासणी नडगीजवळच्या स्नायूवर झाली. तिथे मला कधीही दुखत नव्हते, तरीही बटण लवकर दाबले गेले. त्यानंतर एक हात बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि लगेच पुन्हा दाबाची चाचणी द्यायची. निरोगी माणसाच्या मज्जासंस्थेत एका ठिकाणची तीव्र वेदना दुसऱ्या ठिकाणची वेदना काही काळ दाबून ठेवते. जुनाट वेदना असलेल्या अनेकांत ही अंगभूत रोखयंत्रणा क्षीण झालेली आढळते. माझा हात लाल होऊन सुन्न पडला, पण दाबाची वेदना जिथे सुरू होत होती त्या पातळीत फारसा फरक पडला नाही.

या तपासण्यांमागे गेल्या काही दशकांत बदललेली वेदनेची समजूत आहे. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी असे मांडले की, शरीराकडून येणारे संकेत मज्जारज्जूत जसेच्या तसे पुढे जात नाहीत; तिथे एक प्रकारचे दार असते आणि ते कमीजास्त उघडते. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवले की इजा झाल्यानंतर मज्जारज्जूतील चेतापेशींची संवेदनशीलताच वाढू शकते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली वेदनेचा तिसरा प्रकार मान्य केला: ऊतींना इजा झाल्याचा किंवा मज्जातंतूला दुखापत झाल्याचा स्पष्ट पुरावा नसताना, वेदना हाताळणाऱ्या यंत्रणेतच बदल झाल्यामुळे होणारी वेदना. 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असे ऐकून कंटाळलेल्या माझ्यासारखीला ही मांडणी दिलासा देणारी वाटली, कारण तिच्यात वेदना पूर्णपणे खरी मानलेली आहे, फक्त तिचा पत्ता वेगळा आहे.

तिसरा भाग पट्ट्यांशी थेट संबंधित होता. त्वचा स्पिरिटने पुसून इलेक्ट्रोड चिकटवले आणि मला पडद्यासमोर उभे केले. पडद्यावर दोन रेषा सरकत होत्या, एक वाकण्याच्या कोनाची आणि दुसरी स्नायूंच्या विद्युत संकेतांची. सावकाश पुढे वाकायचे, पूर्ण वाकल्यावर थोडे थांबायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. निरोगी माणूस वाकू लागतो तेव्हा पाठीच्या स्नायूंची रेषा दाट होते, पण तो पूर्ण वाकला की ती अचानक सपाट होते, कारण तेव्हा शरीराचा भार अस्थिबंध आणि इतर ऊती उचलतात व स्नायू विसावतात. हे निरीक्षण १९५० च्या दशकातले आहे. जुनाट कंबरदुखी असलेल्या पुष्कळ जणांत ती विश्रांती येतच नाही. माझी रेषा वाकताना दाट होती, थांबल्यावरही तितकीच दाट राहिली, आणि उठताना तिच्यात टोकदार शिखरे उमटली. मी पूर्ण वाकून हात लोंबते सोडले होते, स्वतःला अगदी सैल समजत होते, आणि पडद्यावर माझी पाठ ओझे उचलल्यासारखी काम करत होती. आपल्या शरीराविषयी आपल्यालाच ठाऊक नसलेली गोष्ट अशी डोळ्यांसमोर दिसणे मोठे विलक्षण वाटले.

याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचे महत्त्व मला उशिरा उमगले. निवडीच्या वेळी मी सरासरी वेदना दहापैकी सात सांगितली होती. मूळ मोजमापाच्या दिवशी, म्हणजे कोणताही उपचार सुरू होण्याआधी, ती पाच होती. मी आनंदाने तसे बोलून दाखवले, तेव्हा समन्वयक बाई हसल्या आणि म्हणाल्या की हे बहुतेकांच्या बाबतीत होते. जुनाट दुखणे कमीजास्त होत असते. माणूस संशोधनासाठी नाव देतो, डॉक्टरकडे धावतो किंवा नवे औषध विकत घेतो ते बहुधा दुखणे शिगेला पोहोचलेले असते तेव्हा, आणि त्यानंतर काहीही केले किंवा काहीच केले नाही तरी ते आपल्या नेहमीच्या पातळीकडे उतरण्याचीच शक्यता जास्त असते. त्या उताराचे श्रेय मग जवळ जे काही असेल त्याला मिळते. माझे पट्टे, माझे शेक आणि माझे ट्रॅक्शन, या सगळ्यांनी कधी ना कधी 'गुण' दिला होता, तो कसा, याचा हिशेब मी त्या संध्याकाळी मनातल्या मनात करत बसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत पट्टे, ट्रॅक्शन आणि अफूजन्य वेदनाशामके नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत असे म्हटले आहे; माहिती व समुपदेशन, व्यायाम आणि मानसोपचारांच्या काही पद्धतींची शिफारस केली आहे.

संगणकाने गट ठरवला आणि काम सुरू झाले. फिजिओथेरपिस्टशी झालेल्या भेटींत व्यायामाइतकेच बोलणेही होते. भीतीच्या प्रश्नावलीतली माझी उत्तरे त्यांनी समोर ठेवली आणि ज्या हालचाली मी वर्षानुवर्षे टाळत होते त्यांची यादी माझ्याकडूनच करून घेतली. जमिनीवरची वस्तू उचलणे हे त्या यादीत पहिले होते. मी गुडघे वाकवून, पाठ काठीसारखी ताठ धरून, श्वास रोखून खाली जात असे; त्यांनी मला श्वास सोडत, पाठ गोल होऊ देत वाकायला सांगितले. प्रथम ते मला चक्क धोकादायक वाटले. रिकाम्या हाताने, मग हलक्या वस्तूने, मग थोड्या जड वस्तूने, असे करता करता अपेक्षित ती चमक आली नाही, आणि एके दिवशी खाली पडलेला पेन उचलल्यावर मी कशी वाकले हे मला आठवेचना.

पट्टीचा अनुभव मिश्र होता. सकाळी ती बसवताना आरशाकडे पाठ करून उभे राहावे लागे. जागा थोडी चुकली की अ‍ॅप कुरकुर करी. उन्हाळ्यात चिकटपट्टीखाली पुरळ उठले, ते मी कळवले, आणि त्याची प्रतिकूल घटना म्हणून रीतसर नोंद झाली. त्याच काळात माझी अक्कलदाढ दुखू लागली, तीही नोंदवली गेली. कमरेच्या पट्टीचा दाढेशी काय संबंध, असे मी विचारले तर उत्तर मिळाले की संबंध आहे की नाही हे नोंद करणाऱ्याने ठरवायचेच नसते; सगळ्या नोंदी एकत्र पाहणाऱ्या स्वतंत्र समितीचे ते काम असते. पट्टी थरथरली की मी स्नायू सैल सोडायचा प्रयत्न करी. कधी थरथर नेमकी योग्य क्षणी आल्यासारखी वाटे, तर कधी मी शांत बसलेली असताना ती येई, आणि मग आपण नकली गटात आहोत अशी माझी खात्री पटे. ती खात्री आठवड्यागणिक बदलत राहिली.

अ‍ॅपचा खरा जाच होता तो प्रश्नांचा. दिवसातून अनेकदा, कोणत्याही वेळी, 'आत्ता वेदना किती?' असा प्रश्न येई. प्रश्नावलीत आठवड्याची सरासरी सांगितलीच आहे, मग हे कशासाठी, अशी कुरबूर मी केली. त्यावर मला १९९६ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासाविषयी सांगण्यात आले: रेडेलमायर आणि काहनेमन या संशोधकांना आढळले की आतड्यांची दुर्बिणीतून तपासणी झालेल्या रुग्णांच्या आठवणीतली वेदना मुख्यतः तिच्या सर्वोच्च क्षणावर आणि शेवटच्या काही मिनिटांवर अवलंबून होती, ती किती वेळ टिकली यावर फारशी नाही. पुढे मी मागितल्यावर मला माझ्याच नोंदी दाखवल्या गेल्या. ज्या आठवड्याची सरासरी मी पाच सांगितली होती, त्या आठवड्यातल्या क्षणोक्षणीच्या उत्तरांची सरासरी चारच्याही खाली होती. दिवसाचा बराचसा भाग मी दोन किंवा तीनवर होते आणि दोन वाईट संध्याकाळींनी सगळा आठवडा आपल्या नावावर करून घेतला होता. सेन्सर, इलेक्ट्रोड, अल्गोरिदम हे सगळे जमवल्यावरही अखेरीस निर्णय ज्या आकड्यावर ठरायचा, तो आकडा माझ्या तोंडूनच यायचा होता. वेदना थेट मोजणारे यंत्र आजही कोणाकडे नाही.

म्हणूनच तुलनेच्या गटाला इतके महत्त्व आहे. संशोधनाच्या चमूतील मंडळी मोकळेपणाने बोलणारी होती आणि भेटी लवकर आटोपल्या की मी त्यांना नव्या उपचारांविषयी विचारत असे. मी कौतुकाने एखाद्या तंत्राचे नाव घ्यावे आणि त्यांनी शांतपणे 'कशाच्या तुलनेत?' असे विचारावे, हे ठरून गेले होते. गुडघ्याच्या झिजेवर दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया २००२ सालच्या चाचणीत फक्त त्वचेवर छेद घेऊन केलेल्या नकली शस्त्रक्रियेहून सरस ठरली नव्हती. रक्तातील प्लेटलेट गुडघ्यात टोचण्याचा गाजलेला उपचार २०२१ साली २८८ जणांत मिठाच्या पाण्याशी ताडून पाहिला, तेव्हा वर्षाअखेर वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेल्या ५० जणांच्या शरीरात मज्जारज्जूला विद्युत उद्दीपन देणारे यंत्र बसवून २०२२ साली ते आलटून पालटून चालू आणि बंद ठेवण्यात आले. रुग्णांच्या हालचालींवरील मर्यादांत दोन्ही काळांत फरक पडला नाही. सुझेट्रिजिन हे नव्या प्रकारचे, व्यसन न लावणारे वेदनाशामक अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या तात्कालिक वेदनेसाठी मंजूर झाले खरे, पण त्याआधी सायटिकासारख्या, कमरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेवर झालेल्या त्याच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांना जितका आराम पडला, जवळपास तितकाच नकली गोळी घेणाऱ्यांनाही पडला होता.

मला सर्वांत बोलके वाटले ते डोळ्यांवर यंत्र लावून आभासी जगात नेणाऱ्या व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचे उदाहरण. जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या अशा एका यंत्रणेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. चाचणीत १७९ जण होते. तुलनेच्या गटालाही डोळ्यांवर तसेच यंत्र दिले होते, फक्त त्यात आठ आठवडे निसर्गाची साधी द्विमितीय दृश्ये दाखवली जात. उपचार संपल्यावर खरा उपचार मिळालेल्या गटातील ६६ टक्के लोकांची वेदना ३० टक्क्यांहून अधिक कमी झाली, म्हणजे उपचाराचा उपयोग दिसला. पण नुसती दृश्ये पाहणाऱ्यांतही ४१ टक्के जणांना तेवढाच आराम पडला होता. तो दुसरा गट नसता, तर सगळेच श्रेय यंत्राच्या पदरात पडले असते. माझ्या उपकरणाच्या सर्वांत जवळचे संशोधन ऑस्ट्रेलियातले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ४९२ जण होते. भीती कमी करून हालचाल सुधारणाऱ्या, मला मिळालेल्या मार्गदर्शनासारख्याच उपचाराने नेहमीच्या उपचारांपेक्षा पुष्कळ चांगला आणि वर्षभर टिकणारा परिणाम दिला, पण त्याला हालचालीच्या सेन्सरची जोड दिल्याने त्यात विशेष भर पडली नाही.

"मग तुम्ही पुन्हा तेच का तपासता आहात?" असे मी विचारल्याशिवाय राहिले नाही.

"त्यांनी हालचाल दाखवली, आम्ही स्नायूंचा ताण दाखवतो आहोत," फिजिओथेरपिस्ट म्हणाले. "फरक पडेल असे मला वाटते. पण मला वाटते म्हणून तो पडत नाही."

२०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. इतक्या मोठ्या बाजारपेठेत चिकटवायची, गुंडाळायची आणि टोचायची साधने येत राहणार हे उघड आहे, आणि त्यांतली कित्येक तुलनेच्या गटाविना, केवळ समाधानी ग्राहकांच्या अभिप्रायांवर विकली जाणार, हेही. उपचाराआधीच सातवरून पाचवर आलेला माझा आकडा अशा एखाद्या जाहिरातीत सहज शोभून दिसला असता.

उपचारांचा काळ संपल्यावर पुन्हा सगळी मोजमापे झाली. माझी सरासरी वेदना तीनवर आली होती. शून्य ते दहाच्या पट्टीवर दोन अंकांची किंवा सुमारे ३० टक्क्यांची घट रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण समजली जाते, आणि त्या कसोटीला मी उतरले. रोलंड-मॉरिसमधल्या खुणाही बऱ्याच कमी झाल्या. पूर्ण वाकल्यावर स्नायूंची रेषा सपाट झाली नाही, पण पहिल्यापेक्षा विरळ नक्कीच झाली. भीतीच्या प्रश्नावलीतला बदल सर्वांत मोठा होता. नडगीवरच्या दाबाच्या चाचणीत मात्र विशेष फरक नव्हता. त्यानंतर एक अनपेक्षित प्रश्न आला: तुम्ही कोणत्या गटात होता असे तुम्हाला वाटते, आणि किती खात्रीने? मी नकली गटावर खूण केली, बऱ्यापैकी खात्रीने. सहभागींना गट ओळखता आला का, हे तपासण्यासाठी तो प्रश्न होता. बहुसंख्य लोकांचा अंदाज बरोबर निघाला, तर निकालावर अपेक्षेची छाया पडली असे मानावे लागते.

पाठपुरावा बराच काळ चालला आणि तो कंटाळवाणा होता. बरे वाटणाऱ्यांना येण्याची गरज वाटत नाही, न वाटणारे रागावून येत नाहीत, आणि दोघेही गळाले की उरलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही, हे समजावून सांगणारे फोन येत राहिले. मधल्या काळात एकदा माझी कंबर चांगलीच धरली. पूर्वी मी अशा वेळी पट्टा बांधून पडून राहिले असते. या वेळी सावकाश का होईना, हिंडती-फिरती राहिले आणि काही दिवसांत ती सुटली. ही नोंदही त्यांच्याकडे आहे.

सगळ्यांचा पाठपुरावा संपल्यावर गट उघड करण्यात आले. मी खऱ्या उपकरणाच्या गटात होते. शांत बसलेली असताना येणारी ती थरथर माझ्याच ताठ स्नायूंची होती. मी लगेच विचारले की, म्हणजे मला उपकरणामुळेच बरे वाटले का. समन्वयक बाईंनी उत्तर टाळले नाही: माझ्या एकटीच्या बाबतीत हे सांगता येणार नाही, वेळ, व्यायाम, भीती कमी होणे, कोणीतरी नियमित विचारपूस करणे आणि उपकरण यांची माझ्यापुरती फोड करता येत नाही, ती फक्त दोन्ही गटांच्या सरासरीतील फरकातून होते. पूर्ण विश्लेषण अजून व्हायचे होते.

शेवटच्या भेटीत एकच कागद उरला होता, माझ्या नोंदींच्या पुढील वापराचा. नाव काढून टाकलेली माहिती इतर संशोधकांना देण्यास मी संमती दिली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली शिकवण्यासाठी कंबरेच्या हालचालींच्या मूळ नोंदी वापरण्याविषयी वेगळा रकाना होता, आणि तिथे मी थांबले. नाव काढले तरी माणसाच्या चालीवरून त्याची ओळख पटू शकते ना, असे मी विचारले, आणि त्यांनी ते मान्य केले. संशोधन संस्थांपुरती परवानगी देऊन, व्यावसायिक वापराच्या ओळीपुढे मी 'नाही' लिहिले. त्यांनी तो कागद माझ्या फाइलमध्ये लावला आणि निकाल प्रसिद्ध झाल्यावर त्याची प्रत हवी का, असे विचारले. मी पत्ता दिला, आणि माझा गट सरस ठरला नाही तरी प्रत पाठवा, असे मुद्दाम सांगितले.